‘ओळखीचं वाजवा!’

आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात जत्रेला ऑर्केस्ट्रा आला की स्टेजकडे चिठ्ठ्या जातात. अमुक गाणं, तमुक मंडळाची फर्माईश. पण जे गाणं कुणी ऐकलेलंच नाही, त्याची चिठ्ठी कोण पाठवणार?

इंजिनिअरिंगला असताना हे मला चांगलंच कळलं. चौघांनी बँड काढला आणि गॅदरिंगला स्वतःचं गाणं वाजवलं. दुसऱ्या कडव्यालाच पुढच्या रांगेतून आवाज आला, ‘ओळखीचं वाजवा!’ आम्ही मुकाट्याने वाजवलं. आमचं गाणं नंतर कधी वाजलंच नाही. आज मी कोड लिहितो, गिटार कपाटावर आहे. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही: नवं गाणं ओळखीचं होतं तरी कसं?

उत्तर मिळालं मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडच्या इतिहासात. हा बँड 1984 मध्ये सुरू झाला. तेव्हा गिटार बँडचं कौतुक एकाच गोष्टीवर ठरायचं: डीप पर्पल, लेड झेपेलिन किती हुबेहूब वाजवता? कॅसेटचा बाजार सिनेमाच्या गाण्यांचा. अशा काळात उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी इंग्रजीत स्वतःची गाणी करायचं ठरवलं. 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे अल्बम आले.

त्यांना दोन गोष्टींचा आधार होता. पहिली कॅसेट. कोऱ्या कॅसेटवर कॉपी करून गाणं एका हॉस्टेलमधून दुसऱ्यात जायचं. दुसरी जागा. धोबी तलावाजवळचं रंगभवन, वर उघडं आकाश. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवही भरू लागला. तीच पोरं पुन्हा पुन्हा यायची. गाणं पहिल्यांदा ऐकताना परकं वाटतं, दुसऱ्यांदा ओठांवर येतं, तिसऱ्यांदा त्याचीच फर्माईश होते. निष्ठावान श्रोता असाच घडतो.

1993 मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ एमटीव्हीवर गाजला. 1995 मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि 1997 मध्ये बँड थांबला. 2010 मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. दोन अल्बममध्ये 17 वर्षं! तरीही जुने श्रोते आले.

रंगभवन मात्र गप्प झालं. 2000 च्या नियमांनुसार हॉस्पिटल, कॉलेज, कोर्टापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरू लागलं, आणि रंगभवनच्या शेजारी हॉस्पिटलही आहे, कॉलेजही. आजाऱ्याला झोप हवीच, त्यात वाद नाही. पण बँडचं हक्काचं अंगण गेलं.

आज गाणं अपलोड करायला पाच मिनिटं लागतात. ते जगात कुठेही पोचतं, आणि अंगठ्याच्या एका फटक्यात पुढे सरकतं. पोचणं सोपं झालंय. तोच माणूस पुन्हा समोर येणं अवघडच राहिलंय.

दिवाळीत आम्ही चौघं इंदापूरला जमतोय. ते जुनं गाणं परत बसवायला घेतलंय. कुणी ‘ओळखीचं वाजवा’ म्हणालंच, तर या वेळी तेच पुन्हा वाजवायचं.