रंगावरून रचनेकडे

म्हसळ्याच्या शाळेतही करता येईल असा एक प्रयोग. जांभ्या दगडाचा चुरा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवू. वरच्या थंड द्रावात पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब टाकले, की निळा रंग येतो. जांभ्यातील लोहाची ही खूण. याच क्षाराचे आजचे नाव पोटॅशियम हेक्झासायनिडोफेरेट(२). इतके लांबलचक नाव कशासाठी?

१८५२ मध्ये फ्रेमी यांनी कोबाल्ट-अमोनिया क्षारांना रंगांवरून नावे दिली. पिवळा तो ल्युटिओ, हिरवा तो प्रासिओ. पुढे इरिडियमच्या तशाच घटनेच्या क्षारालाही ल्युटिओ म्हटले गेले. तो होता पांढरा!

१८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी या क्षारांची रचना उलगडली आणि पुढे नावालाही रचनेचाच आधार दिला. जटिल आयनात आधी लिगंड, मग धातू, कंसात धातूचा ऑक्सिडीकरण अंक. आयन ऋण असेल तर धातूच्या नावाअखेरीस ‘एट’.

आता नाव सोडवू. सहा सायनाइडांचा भार उणे ६, लोहाचा अधिक २. बेरीज उणे ४. म्हणजे पोटॅशियम चार हवेत. ‘फेरोसायनाइड’ पाठ करावे लागते. नव्या नावातून सूत्र विद्यार्थ्यालाच काढता येते.