धुराड्यातला बासमतीचा वास

आमचं घर खानापूर तालुक्यातलं, कौलारू. चुलीवर विटांचं धुराडं. त्याला झाकण नव्हतं आणि कधी लागलंही नाही. थंडीत पहाटे पाण्याचा हंडा चढायचा, मग भाकऱ्या, आमटी. रात्री निखारा राखेत पुरायचा. सदा धूर असलेल्या भोकात कुठलं जनावर शिरतंय?

१९८४ ला गॅस आला. आईच्या डोळ्यांची आग थांबली, ते बरंच झालं. पण त्याच हिवाळ्यात थंड पडलेल्या चुलीपाशी रात्री बासमती शिजल्यासारखा वास यायला लागला. आम्ही बेळगावकडची माणसं, बासमतीचा वास ओळखणारच की! पण चुलीवर भांडंच नव्हतं. आजी म्हणाली, "उदमांजर हाय वर. त्येच्या अंगाला असाच वास असतोय."

वडिलांनी दुपारी जाऊन धुराड्यावर पत्रा ठोकला. हे जनावर रात्री हिंडतं आणि दिवसा झोपतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. रात्रभर आत खरवडणं, आणि मधूनच बारीक चिरका आवाज. पिल्लं होती. शेजारी म्हणाले, खालून जाळ करा. आजी चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. पहाटे वडिलांनी पत्रा उचकटला.

पुढं महिनाभर वाट बघितली. मग आवाज थांबल्यावर आजीनं धुराड्याच्या तोंडात पिंजराचा सैल बोळा घालायला लावला. आत कोण असेल तर ढकलून बाहेर येईल. तीन रात्री बोळा हलला नाही, तेव्हा तारेची जाळी बसवली.

चूल आता नाही. जाळी आहे.