तारापूर पडलं तेव्हा मिलानमध्ये

तारापूरचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला १७३९ साली. आमच्या बोईसरकडे हे पोरासोरांनाही माहीत असतं. त्याच सुमारास तिकडे मिलानमध्ये साम्मार्तिनी सिम्फनी लिहीत होता. ऑपेराचा पडदा वर जाण्याआधी वाजायची ती सुरावट, जलद-संथ-जलद अशा तीन भागांची, आता स्वतंत्रपणे ऐकण्याची गोष्ट होऊ लागली होती. वाद्यं बहुतेक तंतुवाद्यंच. मग जर्मनीतल्या मानहाइमच्या दरबारात स्टामिट्झने तिसऱ्या जागी मिन्युएट हा नाचाचा भाग घातला आणि तीनाचे चार झाले. ओबो-हॉर्नही कायमचे आले. हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत लागला, तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम पंधराएक वादक होते.

मोझार्टची ४०वी सिम्फनी (१७८८) तुम्ही ऐकली आहे. 'छाया' (१९६१) मधलं तलत-लताचं द्वंद्वगीत आठवा. सलील चौधरींनी मुखडा तिथूनच घेतलाय. डहाणू लोकलमध्ये इअरफोन लावून मी दोन्ही पाठोपाठ ऐकतो. गाण्यात सूर लगेच कानावर येतो. मोझार्टकडे आधी व्हायोला दोन गटांत विभागून धडधडत असतात, आणि त्यावर व्हायोलिन येतं. ट्रम्पेट नाहीत, नगारे नाहीत. तेव्हाच्या हॉर्नला पडदे नसल्यामुळे सगळे स्वर निघायचे नाहीत. म्हणून त्याने दोन हॉर्न दोन वेगळ्या पट्ट्यांचे घेतले, एकाला न निघणारा स्वर दुसऱ्याने काढायचा. हार्डवेअरची मर्यादा अशी सोडवलेली पाहिली की माझ्यातला इंजिनिअर खूश होतो.

पण खरा फरक पुढे आहे. आपल्या गाण्यात अंतरा संपला की मुखडा होता तसाच परत येतो, घरी आल्यासारखा. मोझार्टच्या पहिल्या भागात दुसरी सुरावट आधी उजळ मेजरमध्ये येते; मधल्या उलथापालथीनंतर तीच परतते ती मायनरमध्ये, उदास होऊन. सुरावट तीच, पण वाटेत काहीतरी घडलंय. चाल उचलता येते, हे घडणं उचलता येत नाही. सलीलदांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही, तीन-चार मिनिटांच्या गाण्यात त्याला जागाच नव्हती.

ही जागा मागणारा एक माणूस मुंबईत होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे आणि अरेंजर. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, शंभराहून जास्त वादकांचा. झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम झाला. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणाऱ्या त्यांच्या रचना, गायला लता आणि मन्ना डे. पोटापाण्याला सिनेमाचं रेकॉर्डिंग करणाऱ्या, स्टाफ नोटेशन सहज वाचणाऱ्या गोवेकर वादकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट असेल! पण हे फार काळ चाललं नाही. साठच्या दशकातच ते अमेरिकेला गेले आणि सिनेमाच्या संगीतापासून दुरावले.

आज त्यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. त्या गाण्याचं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. प्यारेलाल व्हायोलिन शिकले होते गोन्साल्विस यांच्याकडेच.