उजनीचा काठ आणि रोहित पक्षी

न्हावऱ्याच्या साखर कारखान्याच्या नावातच घोडगंगा आहे. ही घोड भीमेला मिळते आणि भीमा पुढे उजनीला अडते. आपल्याकडे समुद्र नाही, पण किनारा आहे. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि तो तयार झाला.

त्या पाण्याखाली गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर येतं. माणसं उठून दुसरीकडे वसली आणि त्यांच्या बुडालेल्या रानात पुढे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरू लागला. हा पक्षी डोकं उलटं करून चोचीनं चिखलपाणी गाळतो, त्यातले बारीक जीव आणि शेवाळ खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. त्याला उथळ पाणी लागतं. धरण तुडुंब असेल तर त्याचे लांब पायही पुरत नाहीत. पाणी उतरलं की दलदल उघडी पडते आणि त्याची पंगत बसते. म्हणजे त्याचं वेळापत्रक निम्मं कालव्याच्या आवर्तनावर ठरतं! कुरव तर मासळीच्या आशेनं होड्यांमागेच फिरतात.

मग यांना 'वन्य' कोणत्या अर्थानं म्हणायचं? माणसापासून दूर तो वन्य, ही व्याख्या इथे टिकत नाही. भिगवण, कुंभारगावचे मच्छीमार आज पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात, हे चांगलंच आहे. पण दुर्बीण लावताना एवढं ध्यानात ठेवा, की रोहित उभा आहे तिथे कुणाचा तरी सातबारा होता. या पक्ष्यांचा इतिहास तिथूनच सुरू करावा लागतो.