अटीचीं घरें

मालकास मोठें बांधकाम करूं द्यावें व त्या बदल्यांत त्यानें गरिबांसाठीं कांहीं घरें द्यावीं, हा व्यवहार पुण्यास नवा नाहीं. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यान्वयें येथें एका व्यक्तीस १,००० चौरस मीटर मोकळी जमीन ठेवितां येई. जादा जमीन सरकारनें घ्यावयाची. परंतु तिजवर दुर्बळ घटकांसाठीं घरें बांधण्याचें पत्करल्यास ती मालकाकडेच राहूं शके. सूट आधीं मिळे, घर मागाहून यावयाचें; कायद्याचा कमकुवतपणा या क्रमांतच होता.

२००७ मध्यें महाराष्ट्रांत तो कायदा संपुष्टांत आला. पुढें २०१३ मध्यें पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठीं नवा नियम झाला: ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पांत २० टक्के चटईक्षेत्र अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं राखावें, व तीं घरें म्हाडाच्या सोडतीनें द्यावीं. लहान घरांस भोगवटा-प्रमाणपत्र मिळाल्याविना उरलेल्या प्रकल्पास तें मिळूं नये, हें त्या नियमाचें मर्म होय.

येथें क्रम उलटला, आणि आम्हांस तोच खरा धडा वाटतो. वचनावर सवलत देणारें शासन पुढें घरें मागत बसतें. घर पाहून सवलत देणाऱ्यास मागावें लागत नाहीं. ज्यांच्या कष्टांवर आमचे संसार चालतात, त्यांचें छप्पर या एका अटीच्या पालनावर अवलंबून आहे, हें आम्हीं विसरूं नये.