धाराशिवची मोजणी

कर्करोगाची खूण रोग बळावण्यापूर्वीच हाती लागावी, हा ध्यास जुना आहे. लंडनचे हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४७ साली एका रुग्णाच्या मूत्रातील चमत्कारिक प्रथिनाचे वर्णन केले. या शोधाचा आरंभ तेथून मानतात. परंतु त्यातील एक मोठे प्रकरण मराठवाड्यात घडले, आणि आपल्या मंडळींत त्याची फारशी वाच्यता नाही.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे संयुक्त कार्य. गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या. एका गटात एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची चाचणी, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीची सोय तेवढी. जनगणनेसाठी जे दारोदार हिंडले आहेत, त्यांना या कामाचा आवाका सांगावा लागणार नाही. त्यातून विषय असा, की घरातली बाई घरातही बोलत नाही.

निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आठ वर्षांत चौथ्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. डीएनए चाचणीच्या, किंचित मोठ्या गटात ३४. तीही चाचणी एकदाच झालेली! उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही.

त्या चौथ्या गटावरून पुढे वाद झाला. खेड्यांत तपासणीची सोय मुळातच नव्हती, तेव्हा कोणाचे काही हिरावले नाही, असे समर्थन करण्यात आले. ते मला पुरते पटत नाही. सोय नसणे हा त्या स्त्रियांचा दोष नव्हता. तथापि तुलनेवाचून चाचणीचे मोल सिद्ध झाले नसते, हेही नाकारता येत नाही.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने याच प्रकारच्या चाचणीला प्राधान्य दिले. अडचण खर्चाची आणि प्रयोगशाळेची. म्हणून संशोधकांचे लक्ष विद्युत्-रासायनिक संवेदकाकडे वळले आहे. लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली मांडलेल्या याच तत्त्वावर मधुमेह्यांची साखर मोजण्याची पट्टी चालते. येथे विद्युदग्रावर विषाणूच्या डीएनएला जुळणारा धागा बसवतात. नमुन्यातील जोडीदार धागा त्याला चिकटला की प्रवाह बदलतो, आणि तो बदल हातात मावणाऱ्या यंत्रावर वाचता येतो.