लासे, डाग आणि ग्रहण : भीमाकाठच्या जन्मखुणांचा इतिहास

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव सीना आणि भीमा या नद्यांच्या दुआबात, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा घरोघरी बोलल्या जाणाऱ्या पट्ट्यात वसलेले आहे. जन्मतः अंगावर असलेल्या डागाला या पट्ट्यात तीळ, लासे, मस अशी मराठी नावे आहेत, तर कन्नड घरांत त्याला मच्चे म्हणतात. नावे अनेक असली तरी डागाकडे पाहण्याची रीत मात्र फार काळ एकच होती. डाग ही एक खूण आहे, तिचा अर्थ लावायचा असतो, आणि तो अर्थ बहुतेक वेळा बाळाच्या आईशी जोडायचा असतो, असे मानले जाई. डाग हा कातडीतील रक्तवाहिन्यांचा किंवा रंगपेशींचा प्रश्न आहे, ही समज खेड्यापर्यंत पोचण्यास विसावे शतक सरत आले. या उशिराची किंमत लहान मुलांनी मोजली आहे, म्हणून हा इतिहास केवळ समजुतींचा इतिहास म्हणून वाचता येत नाही.

जुन्या वैद्यकाने या विषयाकडे दुर्लक्ष केले होते, असे मात्र म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'क्षुद्ररोग', म्हणजे किरकोळ व्याधी, या सदराखाली त्वचेवरील डागांचे वर्गीकरण येते. त्यातील 'जतुमणि' हा जन्मजात, किंचित उंच, गुळगुळीत, तांबूस आणि न दुखणारा डाग असून जतू म्हणजे लाख, या साम्यावरून त्याला हे नाव मिळाले. 'तिलकालक' म्हणजे तीळ, 'मषक' म्हणजे उडदासारखा उंचवटा, आणि 'न्यच्छ' म्हणजे लहान किंवा मोठा, काळसर किंवा पांढुरका, वेदनारहित असा जन्मजात चकंदळा. चिकित्सास्थानात उपायही सांगितले आहेत : जतुमणि, मषक आणि तिलकालक शस्त्राने काढून ती जागा क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू डागावी, तर न्यच्छासारख्या सपाट डागांवर रक्तमोक्षण करून क्षीरीवृक्षांच्या, म्हणजे वड-उंबरासारख्या चीक असणाऱ्या झाडांच्या, सालीचा लेप द्यावा. उंचवट्याला शस्त्र आणि सपाट डागाला लेप असा भेद करणारी ही दृष्टी निरीक्षणातून आलेली आहे, आणि डागाचा प्रकार ओळखल्याशिवाय उपाय ठरवू नये हे तत्त्व तिच्यात स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी सिद्ध केलेल्या 'सार्थ वाग्भट' या ग्रंथामुळे आयुर्वेदातील हे ज्ञान मराठीत वाचणाऱ्या वैद्यांच्या हाती आले.

शास्त्रातील हा भेद गावातील उपचारात टिकला नाही. शस्त्र गळाले आणि क्षार व अग्नी उरले. चुना आणि पापडखार पाण्यात कालवून केलेला लगदा काडीच्या टोकाने मसावर ठेवला जाई, तो तेथील कातडी जाळी, खपली धरे, आणि खपली पडल्यावर मस गेला असे समजले जाई. लोंबत्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधून तिचा रक्तपुरवठा तोडण्याची युक्ती सर्रास वापरली जाई. लहान चामखिळीपुरती ती बऱ्याचदा लागूही पडे, कारण देठ बारीक असला की गाठ आपोआप वाळून गळते. बिब्ब्याची गोष्ट वेगळी आहे. सुईला टोचून दिव्यावर धरलेला बिब्बा पाझरू लागला की त्याचे काळे तेल डागावर लावले जाई, आणि या तेलाने कातडीवर फोड उठून जो व्रण राही तो मूळ डागापेक्षा मोठा आणि काळा असे. तापल्या लोखंडाचा डाग देण्याची चाल याच घराण्यातली आहे. निरुपद्रवी तिळाला आयुष्यभराचा व्रण देऊन जाणारे हे उपाय करणारी माणसे निर्दय नव्हती, त्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते.

डागाच्या कारणाविषयीची समजूत मात्र उपायांपेक्षा अधिक चिवट निघाली. ग्रहणकाळात गरोदर बाईने विळीला हात लावला, सुईदोरा घेतला किंवा काही चिरले तर बाळाच्या ओठाला चीर जाते किंवा अंगावर डाग उठतो, हा समज महाराष्ट्रभर आहे आणि त्यामुळे 'ग्रहण पाळणे' ही गरोदरपणातील एक कडक शिस्त होऊन बसली. सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासात या समजुतीला एक विलक्षण शेजार लाभला आहे. 22 जानेवारी 1898 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया करमाळा तालुक्यातील जेऊर या गावावरून गेली. तेथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगमवाला यांनी आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या पथकाने दुर्बिणी व वर्णपटमापक लावून सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास केला. एकाच जिल्ह्यात, एकाच दुपारी, ग्रहण मोजले जात होते आणि पाळलेही जात होते. 16 फेब्रुवारी 1980 रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा उत्तर कर्नाटकातून गेला, तेव्हाही सोलापूरकडच्या घरांत गरोदर बायकांना दारे लावून बसवण्यात आले.

ही समजूत केवळ भारतीय आहे असे मानण्याचे कारण नाही. आईच्या मनावरील आघात किंवा न पुरलेली इच्छा बाळाच्या कातडीवर उमटते, हे युरोपातील वैद्यही अठराव्या शतकापर्यंत गंभीरपणे मानत होते. लंडनचा वैद्य जेम्स ब्लाँडेल याने 1727 साली त्यावर उघड टीका केली तेव्हा मोठा वाद झाला. सुश्रुतानेही शारीरस्थानात गर्भिणीचे डोहाळे न पुरवल्यास बाळात व्यंग येते असे सांगितले आहे. या साऱ्या उपपत्तींत एक गोष्ट समान आहे : दोष आईवर येतो. गालावर तांबडा डाग घेऊन जन्मलेल्या मुलीच्या आईला ग्रहण नीट पाळले नाही म्हणून आयुष्यभर बोल ऐकावे लागत, आणि मुलगी लग्नाची झाली की तोच हिशेब पुन्हा काढला जाई. या समजुतीने केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच होय.

डाग सर्वत्र अशुभच मानला गेला असेही नाही. याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या छातीवरील श्रीवत्सलांछन भृगुऋषींच्या लाथेची खूण म्हणून पूजले जाते, आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत स्त्री-पुरुषांच्या अंगलक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहेत. राज्यव्यवस्थेने तर शुभाशुभ बाजूला ठेवून डागाचा उपयोग ओळखीसाठी केला. फ्रान्समध्ये आल्फाँस बर्तियाँ याने रचलेल्या शरीरमापन पद्धतीत अंगावरील विशेष खुणांची नोंद हा एक आवश्यक भाग होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती पद्धत भारतातील पोलिसांनी वापरली. पुढे 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले आणि तिचे महत्त्व कमी झाले. तरी बेपत्ता माणसाच्या जाहिरातीत किंवा अनोळखी प्रेताच्या पंचनाम्यात अंगावरचा तीळ आजही लिहिला जातो. ज्या डागाची नोंद पोलीस इतक्या काळजीने करत, त्याच्याकडे वैद्यकीय प्रश्न म्हणून पाहणारे खेड्यात मात्र कोणी नव्हते.

या काळात पांढुरक्या जन्मडागाच्या वाट्याला सर्वांत अवघड स्थिती आली. न्यच्छाचा हा पांढरट प्रकार, ज्यात एखाद्या भागात रंगद्रव्य कमी तयार होते आणि जो मुलाबरोबर वाढतो पण पसरत नाही, तो कुष्ठरोगाचा चट्टा समजला जाण्याची भीती प्रत्येक घरात असे. 1955 साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी जी सोपी चाचणी गावात आणली, तिने या भीतीला पहिल्यांदा उत्तर दिले. कापसाची वात पिळून तिचे टोक आधी निरोगी कातडीवर आणि मग चट्ट्यावर टेकवायचे, मुलाने डोळे मिटून स्पर्श झाला तेथे बोट ठेवायचे. बोट अचूक पडले तर तेथील संवेदना शाबूत आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात ती बहुधा मंदावते, जन्मडागात मंदावत नाही, आणि जन्मडाग पहिल्या वर्षापासून तेथेच असतो. डागाचा अर्थ न लावता त्याची तपासणी करण्याची ही रीत ग्रामीण महाराष्ट्रात याच मार्गाने रुजली.

आधुनिक वैद्यकाने जन्मखुणांचे दोन मोठे गट केले : रंगपेशींचे आणि रक्तवाहिन्यांचे. पहिल्या गटात भारतीय बाळांच्या कमरेवर आणि ढुंगणावर सर्रास दिसणारा निळसर-राखी डाग येतो. 1885 साली जपानमध्ये काम करणारा जर्मन वैद्य एर्विन बेल्झ याने त्याचे वर्णन केले, आणि तो बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत आपोआप फिकट होत जातो. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट डाग एक-दोन असले तर चिंता नसते, परंतु सहा किंवा अधिक असले तर मज्जातंतूंच्या गाठींचा आनुवंशिक आजार तपासावा लागतो. मोठे, केसाळ काळे लासे क्वचित पुढे कर्करोगाकडे वळते, म्हणून त्यावर नजर ठेवून गरजेप्रमाणे ते टप्प्याटप्प्याने काढतात. डोळ्याभोवतीच्या निळसर डागाचे वर्णन जपानच्या मासाओ ओता यांनी 1939 साली केले, आणि तो आज लेझरने पुष्कळ उजळतो.

रक्तवाहिन्यांच्या डागांत दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र मिसळल्या जात, आणि त्यांचा नीट भेद 1982 साली बॉस्टनच्या मलिकेन व ग्लोवाकी यांनी केला. पहिला प्रकार म्हणजे जन्मानंतर काही आठवड्यांत उगवणारी, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढणारी आणि नंतर वर्षानुवर्षे विरत जाणारी लालभडक गाठ. दुसरा म्हणजे जन्मापासून असलेला, कधीही न विरणारा आणि वयाबरोबर गडद व जाड होणारा तांबडा-जांभळा सपाट डाग, ज्याच्या मुळाशी एका जनुकातील गर्भावस्थेत झालेला, आईवडिलांकडून न आलेला बदल असतो, हे 2013 साली सिद्ध झाले. ग्रहणाच्या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर असू शकत नाही. कपाळ आणि पापणीवरील अशा डागाबरोबर झटके आणि काचबिंदू येऊ शकतो, हे विल्यम स्टर्ज याने 1879 सालीच दाखवले होते.

उपचारांच्या इतिहासात पाश्चात्त्य रुग्णालयांची पाटीही कोरी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे बाळांच्या गाठींवर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ आणि रेडियम वापरले गेले, आणि स्वीडनमध्ये अशा मुलांचा पुढे अनेक दशके मागोवा घेतल्यावर त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले. खरा पालट 1983 साली आला, जेव्हा अँडरसन व पॅरिश यांनी आसपासची कातडी न जाळता केवळ रक्तवाहिनी तापवणाऱ्या लेझरचे तत्त्व मांडले. त्यावर आधारलेल्या लेझरने सपाट तांबडा डाग अनेक बैठकांत उजळतो, लहानपणी अधिक उजळतो, मात्र सावळ्या कातडीवर ऊर्जा बेताने वापरावी लागते. वाढत्या गाठीचे औषध 2008 साली फ्रान्समधील बोर्दो येथे योगायोगाने सापडले. हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रानोलॉलने बाळाच्या चेहऱ्यावरील गाठ मऊ पडून फिकी होऊ लागल्याचे डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्या लक्षात आले. हे औषध साधे आणि स्वस्त आहे, पण हृदयाचे ठोके व रक्तशर्करा पाहत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते, आणि पहिल्या पाच-सहा महिन्यांत सुरू केले तर त्याचा लाभ सर्वाधिक होतो.

मंद्रूपच्या बाळासाठी ही सोय आता दूरची नाही. 1963 साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरात आहे. अडचण आहे ती वेळेवर ओळख पटण्याची. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात, परंतु या कार्यक्रमातील जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि वाकडे पाऊल असून जन्मखुणांचा समावेश नाही. ज्या डागांना काहीही करण्याची गरज नव्हती त्यांना शतकभर चुना, बिब्बा आणि लोखंड मिळाले, आणि ज्यांना पहिल्या काही महिन्यांत औषध हवे होते ते देवाची खूण म्हणून तसेच राहिले. म्हणून बाळाचे सर्व अंग पहिल्या महिन्यात एकदा चांगल्या उजेडात पाहावे, आणि आठवड्यागणिक वाढणारा लाल डाग, पापणीवरील किंवा कपाळावरील तांबडा डाग, तसेच कमरेच्या मध्यरेषेवरील डाग दिसल्यास त्यावर घरी काहीही न लावता बाळाला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे.